अहवालातली ओळ आणि पत्रातली ओळ

ताई,

माझं वय ३२. गेल्या वर्षभरात पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी चार. अंडाशयाची स्थिती सांगणाऱ्या संप्रेरकांच्या तपासणीत एफएसएच ३८ आणि एएमएच ०.३ आलं. मग जनुकांची मोठी तपासणी केली. तीत आरपीएस-२६ या जनुकाच्या एका प्रतीत ‘महत्त्व अनिश्चित’ असा बदल निघाला. शोधून वाचलं, तर हे रायबोसोममधलं प्रथिन आहे आणि ते नसलेल्या उंदरांची सगळी बीजं मरून गेली, असं कळलं. तेव्हापासून झोप उडाली आहे. प्रथिन कमी आहे म्हणून दिवसातून तीनदा प्रोटीन पावडर घेते. विशीत वजन उतरवायला खूप उपाशी राहायचे, त्याचंच हे फळ का? माझी बीजं संपली का? आमच्या घरात असं कुणाचं झालेलं नाही. एका मावशीची पाळी ३६ व्या वर्षी गेली होती, पण ती मुलाच्या काळजीनं खचली होती. तो फार उशिरा बोलायला लागला, शाळेतही मागेच राहिला. धाकटी बहीण २७ वर्षांची आहे, तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला ‘तू’च म्हणा.

— झोप उडालेली

अगं पोरी,

आधी ती पावडर बाजूला ठेव. ती विषारी नाही, पण तुझ्या बीजाशी तिचा काडीचाही संबंध नाही. दिवसातून तीनदा तो डबा उघडताना ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ असं तू स्वतःला बजावत राहतेस, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

हा सगळा घोटाळा ‘प्रथिन’ या एका शब्दानं केलाय. पोटात गेलेलं प्रथिन तुटून त्याची अमिनो आम्लं होतात. ती सगळी मिळून वीस प्रकारची. पेशी ती उचलते आणि तिला हवी असलेली हजारो प्रथिनं नव्यानं घडवते. हे घडवण्याचं यंत्र म्हणजे रायबोसोम. आरपीएस-२६ हा त्या यंत्राचाच एक भाग आहे. माणसाच्या रायबोसोममध्ये असे प्रथिनांचे ८० भाग असतात, ३३ लहान खंडात आणि ४७ मोठ्या खंडात, शिवाय आरएनएचे चार धागे. जनुकाकडून निरोप घेऊन आलेला आरएनए लहान खंडातल्या एका फटीतून सरकत जातो, आणि जिथून तो बाहेर पडतो त्या तोंडाशी हे २६ नंबरचं प्रथिन बसलेलं असतं. ते पेशीच स्वतःसाठी घडवते. तोंडावाटे ते तिथवर पोचवता येत नाही, पावडरीनं नाही आणि गोळीनंही नाही.

आता बीजाकडे येऊ. मी दवाखाना चालवलेला नाही. आयुष्यभर पेशीशास्त्र शिकवलं. मुलींना अंडाशयाचा काप दाखवायचा दिवस माझ्या फार आवडीचा. भिंगाखाली काप आला की कडेला आधी नुसते ठिपके दिसतात. नीट बघितलं की कळतं, प्रत्येक ठिपका म्हणजे एक झोपलेलं बीज, भोवती चपट्या पेशींचा एकच पदर. काप थोडा सरकवला की एखादं जागं झालेलं बीज सापडतं. त्याच्या भोवतीच्या पेशी फुगून चौकोनी झालेल्या असतात, त्यांच्या आणि बीजाच्या मध्ये गुलाबी चकचकीत कडं असतं. बीजाच्या पोटात फिकट गोल केंद्रक, आणि केंद्रकात एकच गडद टिकली. ती टिकली दिसली की मी मुलींना थांबवायचे. तिला केंद्रिका म्हणतात, आणि रायबोसोमची जुळणी तिथं चालते. वाढत्या बीजात ती इतकी ठसठशीत असते, की पहिल्यांदा भिंगातून बघणारीलाही चुकत नाही.

एवढी तयारी कशासाठी, ते सांगते. मि.मी.च्या साधारण तिसाव्या भागाएवढं असलेलं हे बीज वाढता वाढता दहाव्या भागाहून थोडं मोठं होतं. शरीरातल्या मोठ्यातल्या मोठ्या पेशींमध्ये त्याची गणना होते. पण वाढ पुरी झाली की एक विलक्षण गोष्ट घडते. केंद्रकभर विखुरलेला डीएनए गोळा होऊन केंद्रिकेभोवती कडं करून बसतो आणि नवे निरोप लिहिणं थांबवतो. तिथून पुढे बीज पक्व होणं, बाहेर पडणं, फलित होणं आणि गर्भाचे पहिले काही दिवस, हे सगळं आधी भरून ठेवलेल्या साठ्यावर चालतं. माणसाचा गर्भ चार ते आठ पेशींचा होतो तेव्हा कुठे त्याची स्वतःची जनुकं जोमानं कामाला लागतात. तोवर आईच्या बीजातली शिदोरी पुरवून पुरवून वापरायची.

ही शिदोरी किती दूरवर पुरते, ते १९६४ साली डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी बेडकांवर दाखवलं. आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकांपैकी काहींत एक दोष असतो. त्या दोषाच्या दोन्ही प्रती वाट्याला आलेल्या पिल्लांना केंद्रिकाच नसते, म्हणजे स्वतःचा एकही नवा रायबोसोम जुळवता येत नाही. तरी ती अंड्यातून बाहेर येतात, पोहतात, आणि मग काही दिवसांनी मरतात. डोळे, शेपूट, धडधडणारं हृदय, एवढा सगळा जीव त्यांनी केवळ आईनं बीजात ठेवलेल्या रायबोसोमवर उभा केलेला असतो. हे मी कितीतरी वर्षं शिकवलं, आणि दर वेळी शिकवताना मलाच भरून यायचं.

तू वाचलेला उंदरांचा प्रयोग याच गोष्टीचा पुढचा भाग आहे. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी तो २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या माद्यांमधलं आरपीएस-२६ फक्त बीजांतूनच काढून टाकलं. बाकी शरीरात ते शाबूत होतं, कारण सगळीकडून काढलं असतं तर पिल्लू जन्मालाच आलं नसतं. त्या माद्यांची बीजं वाढायला लागली, पण मध्येच अडली. डीएनएचं ते कडं पुरं होईना. बीज आपल्या भोवतालच्या पेशींना जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ नावाची प्रथिनं पाठवून ‘वाढा’ असं सांगत असतं. ती कमी पडली, म्हणून भोवतालच्या पेशींचीही वाढ खुंटली. शेवटी बीजं मरत गेली आणि माद्या ऐन तारुण्यात वांझ झाल्या. बीज नुसतं पडून वाट बघत नाही, आपल्या भोवतीचं घर ते स्वतः बोलून उभं करून घेतं, आणि त्या बोलण्यासाठीही त्याला रायबोसोम लागतात. या प्रयोगातून मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

पण त्या मादीच्या बीजात आणि तुझ्यात फार अंतर आहे. तिथं जनुकाच्या दोन्ही प्रती मुळासकट काढल्या होत्या. तुझी एक प्रत पूर्ण चांगली आहे आणि दुसरीत एक बदल आहे, आणि त्या बदलानं काही बिघडतं असं कुणीही दाखवलेलं नाही. ‘महत्त्व अनिश्चित’ या शब्दांचा अर्थ एवढाच. जनुकातल्या बदलांच्या पाच पायऱ्या २०१५ साली ठरवून दिल्या गेल्या: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. तू मधल्या पायरीवर आहेस. या पायरीवरच्या बदलावरून निदान करायचं नाही आणि उपचारही ठरवायचे नाहीत, हा नियमच आहे. पुढे माहिती वाढते तशी यातल्या बहुतेक बदलांची रवानगी निरुपद्रवीच्या बाजूला होते. अहवाल देणाऱ्याचं काम सापडलेलं सगळं कागदावर मांडणं हे असतं. त्यानं ती ओळ लिहिली, म्हणजे तुझ्या दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे तुझ्या डॉक्टरांशी बोलायला तुला दुवा मिळेल. आरपीएस-२६ ची एक प्रत खरोखर निकामी झाली तर माणसात काय होतं, ते २०१० पासून माहीत आहे. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया नावाचा आजार होतो. बाळ वर्षाचं व्हायच्या आतच बहुधा अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनेनाशा होतात आणि रक्त कमी पडतं. काही थोड्यांत तो इतका सौम्य असतो, की तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आहेत एवढंच रक्ताच्या साध्या तपासणीत दिसतं. तुझे जुने रक्ताचे अहवाल काढ आणि त्यात हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, हे दोन आकडे बघ. वर्षानुवर्षं ते सरळ असतील तर या ओळीवरचा उरलासुरला संशयही बराच ओसरतो.

आता विशीतल्या उपासांचं. हे मला नीट लिहायचंय, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात दुखरी जागा हीच वाटली. फार उपासमार झाली, वजन फार उतरलं, तर पाळी थांबते हे खरं आहे. पण तेव्हा अडखळतो तो मेंदू. तो अंडाशयाला हाक मारायचं सोडून देतो, आणि ती हाक म्हणजेच एफएसएच. म्हणून उपासमारीनं थांबलेल्या पाळीत एफएसएच कमी असतं किंवा फार तर नेहमीएवढं. तुझं ३८ आहे. म्हणजे तुझा मेंदू घसा ताणून हाका मारतोय आणि अंडाशयाकडून पुरेसं उत्तर येत नाहीये. ही त्या उपासांची खूण नव्हे. हे तुझ्या हातून झालेलं नाही. तुझी सगळी बीजं तू आईच्या पोटात असतानाच तयार झाली होती; त्यांचा साठा किती आणि ती किती वेगानं सरणार, यातलं बरंचसं तेव्हाच ठरलेलं होतं.

बीजं संपली का, असं विचारलंस. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्याकडे ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख. आणि पाळीच्या उभ्या आयुष्यात बाहेर पडतात ती जेमतेम ४०० ते ५००. सरत जाणं हा बीजांचा स्वभावच आहे. तुझी लवकर सरली आहेत, पण अधूनमधून पाळी येतेय याचा अर्थ अंडाशय पुरतं झोपलेलं नाही. एएमएचचा आकडा उरलेल्या साठ्याचा अंदाज देतो. उरलेल्या बीजांचा दर्जा त्यातून कळत नाही.

चाळिशीच्या आत पाळी चार महिने किंवा जास्त बिघडलेली असेल आणि एफएसएच २५ च्या वर असेल, तर डॉक्टर अंडाशयाच्या अकाली क्षीणतेचं निदान करतात. पूर्वी यासाठी दोन वेळा तपासणी लागायची. आता एकदाही पुरते, पण शंका असेल तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करतात. तुला हे निदान होण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आणि आता तुझ्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते, जी वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. ‘आमच्या घरात असं कुणाचं झालेलं नाही’ असं लिहून पुढच्याच वाक्यात तू मावशीची पाळी ३६ व्या वर्षी गेल्याचं सांगतेस. आणि तिचा मुलगा उशिरा बोलायला लागला, शाळेत मागे पडला, हेही. तू हे जाता जाता लिहिलंस. माझ्या दृष्टीनं अहवालातल्या आरपीएस-२६ पेक्षा ही ओळ कितीतरी वजनदार आहे.

एक्स गुणसूत्रावर एफएमआर-१ नावाचं एक जनुक असतं. त्याच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात, बहुतेकांत तिसेक वेळा. काही घराण्यांत ही माळ लांबते. ५५ ते २०० वेळा असेल तर त्याला पूर्वावस्था म्हणतात. अशा बाईची बुद्धी, बोलणं, सगळं नेहमीसारखं असतं. मात्र सुमारे पाचातल्या एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते. हीच माळ आईकडून मुलाकडे जाताना आणखी लांबून २०० च्या पुढे गेली, तर जनुक बंद पडतं आणि मुलाला फ्रॅजाइल एक्स होतो: बोलणं उशिरा, शिकण्यात अडचण, कधी ऑटिझमसारखी लक्षणं. आईची पाळी लवकर गेली आणि मुलगा मागे पडला, ही जोडी घरात दिसली की हे जनुक तपासायलाच हवं. तुझी मावशी काळजीनं खचून पाळी गमावून बसली, असं सगळ्यांनी मानलं. कदाचित तिची पाळी आणि तिचा मुलगा, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असेल. कदाचित नसेलही. पण इतकी वर्षं ती बिचारी स्वतःलाच दोष देत आली असेल, तर खरं काय ते तिला कळायला हवं.

आता महत्त्वाचं. तू केलेल्या मोठ्या जनुक तपासणीत ही माळ बहुधा मोजलेलीच नसणार. त्या पद्धतीत जनुकांची अक्षरं तुकड्यातुकड्यांनी वाचतात, आणि एकसारख्या अक्षरांच्या लांब माळेची लांबी त्यात भरवशानं कळत नाही. एफएमआर-१ ची वेगळी चाचणी मागावी लागते. म्हणजे इतका जाडजूड अहवाल हातात असूनही नेमकी हवी ती गोष्ट राहून गेलेली असू शकते.

तर डॉक्टरांकडे जाशील तेव्हा हे पत्र बरोबर ने आणि मावशीचं सगळं पहिल्या पाच मिनिटांत सांग. एफएमआर-१ बरोबर गुणसूत्रांची तपासणी, थायरॉइड आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं, हे सगळं करतात. ऐकू कमी येत असेल तर तेही सांग. काही घराण्यांत बहिरेपण आणि लवकर गेलेली पाळी जोडीनं येतात, आणि त्यातल्या काहींत पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामधली प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बिघडलेली असते. रायबोसोमचा धागा असा कुठून कुठे जातो बघ.

निदान पक्कं झालं तर संप्रेरकांच्या उपचाराला नाही म्हणू नकोस. बऱ्याच जणी ‘उगीच हार्मोन कशाला’ म्हणून टाळतात. पण तिशीतल्या शरीराला जे इस्ट्रोजेन मिळायलाच हवं, तेच इथं भरून काढायचं असतं. ते नसेल तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयावरही ताण येतो, म्हणून पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत, ते घ्यायचं असतं. हाडांची घनताही एकदा मोजून घे. या उपचारानं दिवस राहणं थांबत नाही. अंडाशय मधूनच जागं होतं, आणि हे निदान झालेल्यांपैकी शंभरात सुमारे पाच जणींना आपोआप दिवस राहतात. मूल हवं असेल तर वंध्यत्वतज्ज्ञांना लगेच भेट, वाट बघत बसू नकोस. दुसऱ्या बाईच्या बीजातून मूल होणं हा यशाचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. तो तुला पटेल की नाही, हे तुम्ही दोघांनी सवडीनं ठरवायचं. अंडाशयात स्वतःच्याच रक्ताचा अंश टोचून बीजं ‘पुन्हा जागी’ करून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नकोस. ते अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. आणि तुझ्या एफएमआर-१ ची माळ लांब निघाली, तर स्वतःच्या बीजातून मूल होऊ देण्याआधी जनुक समुपदेशकाशी बोल. गर्भ रुजवण्याआधी किंवा गरोदरपणातही ते तपासता येतं.

राहिली बहीण. तिला आजच सांग. घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही. सत्ताविशीत तिच्या हातात अजून पुष्कळ आहे. एफएसएच-एएमएच बघता येईल, तुझ्या चाचणीत काही निघालं तर तिचीही करता येईल, आणि वाटलं तर बीजं गोठवून ठेवता येतील. पाच वर्षांनी तिला हे कळलं, तर तू गप्प का राहिलीस असं ती विचारेल, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

तिच्याशी बोलून झालं की मावशीला फोन कर. पाळी नेमकी कधीपासून अनियमित झाली ते विचार, आणि मुलाची कधी जनुक तपासणी झाली होती का, तेही. तुझ्या आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे, म्हातारपणी हात थरथरायचे का, चालताना तोल जायचा का, हेही विचारून घे. पूर्वावस्थेतली हीच माळ पुरुषांत असली की पन्नाशीनंतर काहींना तसं होतं, आणि बाप ती आपल्या प्रत्येक मुलीला देतो. मावशी जे सांगेल ते तारखांसकट वहीत लिहून ठेव, आणि मग मला पुन्हा पत्र पाठव.